बारा शनिवार, बारा अल्बम: नव्वदीच्या दशकाच्या प्रकल्प नोंदी

5 एप्रिल 2025, शनिवार

वाचनालयाच्या सरांनी सहज विचारलं, "जूनपासून शनिवारी संध्याकाळी हॉल रिकामा राहते, तुम्ही काही करता काय?" आणि मी विचार न करता बोलून गेले, "नव्वदीच्या दशकातले रॉक आणि पॉप अल्बम ऐकवते. पूर्ण. मधे न थांबता." सरांनी लगेच वहीत लिहूनही घेतलं. म्हणून ही नोंदवही.

ठरलेलं एवढंच: 12 शनिवार, 12 अल्बम. 1990 ते 1999 मधलेच. वेळ सव्वासहा ते पावणेआठ, कारण आठला कुलूप लागतं. 14 जूनला सुरुवात. बारा म्हणजे पुष्कळ, असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

6 एप्रिल

माळ्यावरून दादाची पेटी उतरवली. 143 कॅसेटी निघाल्या. त्यात इंग्रजी अल्बम फक्त 31, बाकी सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, आणि "मिक्स 4, कोणी हात लावू नये" असल्या लेबलांच्या घरी भरलेल्या कॅसेटी. दादा आता परदेशात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला तर उत्तर आलं, "पेटी धाब्यावर ठेवली नव्हती ना?" ठेवली होती. गच्चीवर, दोन उन्हाळे. त्याला नाही सांगितलं.

12 एप्रिल

कॅसेट वाजवायचा डेक सुरूच होईना. झाकण उघडलं तर आतला पट्टा वितळून डांबर झालेला, पुलीला, बोटांना, सगळीकडे काळं चिकट. कापसाला स्पिरिट लावून तासभर पुसत बसले. बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, एका दुरुस्तीवाल्याकडे टाकला. "चार दिवसांत देतो ताई," म्हणाला. बघू.

13 एप्रिल

डेक नाही तर कॅसेटी तरी पाहून घ्याव्या म्हटलं. टेपला डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरायला कॅसेटच्या पोटात तांब्याच्या पातळ पट्टीवर मसुराच्या डाळीएवढी नमद्याची गादी असते. नागपूरच्या उन्हात तिचा गोंद सुकतो आणि ती गळून पडते. मग आवाज बुडाल्यासारखा, वर-खाली होणारा येतो. 31 पैकी 9 कॅसेटींच्या गाद्या गायब.

उपाय एकच, दुसऱ्या कॅसेटची गादी काढून इथे लावायची. ज्यांना पाच स्क्रू असतात त्या नीट उघडतात. ज्या सपाट चिकटवलेल्या असतात त्या सुरीनेच फोडाव्या लागतात. आईनं पाहिलं तेव्हा नेमकी आरत्यांची कॅसेट हातात होती.

"आरत्या फोडल्या काय गं तू?"

"अगं त्या तुझ्या मोबाइलवर आहेत ना."

"मोबाइलवर असल्या म्हणून काय झालं?"

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडच्या कॅसेटला आरत्यांची गादी बसली. एकदम फिट.

19 एप्रिल

पहिली यादी: 41 नावं. भाचीनं वाचली आणि परत दिली. "आत्या, ही दशकाची यादी नाही. ही तू कॉलेजात काय ऐकत होतीस त्याची यादी आहे."

पोरगी 22 वर्षांची. मला राग आला, मग अर्ध्या तासानं आला नाही. यादीत 1992 ते 1995 मध्ये 29 अल्बम होते, म्हणजे बरोबर माझी कॉलेजची वर्षं. 1998 नंतर एकही नाही, कारण तेव्हा मला नोकरी लागली होती.

म्हणून कसोटी बदलली. "आवडतो का" हा प्रश्नच काढून टाकला. आता प्रश्न असा: हा आल्यावर पुढच्यांना आधीसारखं करणं जमलं का? नसेल जमलं, तर तो यादीत.

25 एप्रिल

चार दिवसांचे बारा झाले. डेक आला, चालतो, पण सगळे गायक घाईत आहेत. ड्रम वाजवणारा कॉलेजचा मित्र आला होता, पहिल्या मिनिटातच म्हणाला, "सूर वर गेला ना हा." भाचीनं मोबाइलवर वेळ लावली. मेटॅलिकाच्या काळ्या अल्बमचं, म्हणजे बँडच्याच नावाच्या 'मेटॅलिका'चं, पहिलं गाणं 5 मिनिटं 31 सेकंदांचं आहे, आमच्या डेकनं ते 5:17 मध्ये उरकलं.

मोटरच्या पाठीला बारीक छिद्र असतं, त्यात एक स्क्रू. घड्याळवाल्याच्या पेचकसानं केसभर फिरवायचा आणि परत ऐकायचं. सहा वेळा केलं. 5:30 वर सोडून दिलं. मग हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू. तो फिरवताना झांजेचा आवाज आधी धुक्यात असतो आणि एका जागी लख्खकन उजळतो. मित्र डोळे मिटून बसला होता. म्हणाला, "थांब. इथंच." तीस वर्षांत हा अल्बम मी बहुतेक धुक्यातच ऐकला असणार.

26 एप्रिल

1991 नं घोळ घातला आहे. 12 ऑगस्टला मेटॅलिकाचा तो काळा अल्बम. 27 ऑगस्टला पर्ल जॅमचा 'टेन'. 17 सप्टेंबरला गन्स अँड रोझेसचे 'युज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग एकाच दिवशी. 24 सप्टेंबरला निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' आणि त्याच दिवशी रेड हॉट चिली पेपर्सचा 'ब्लड शुगर सेक्स मॅजिक'. नोव्हेंबरात यूटूचा 'आख्टुंग बेबी' आणि मायकल जॅक्सनचा 'डेंजरस'. चार महिन्यांत माझी अर्धी यादी.

असं एकदम कसं झालं याचं एक कारण संगीताच्या बाहेरचं आहे, आणि ते मला फार आवडतं. तोपर्यंत अमेरिकेतल्या बिलबोर्ड नियतकालिकाची खपाची यादी दुकानांना फोन करून बनायची. काउंटरवरचा माणूस सांगेल तो क्रम. 25 मे 1991 पासून साउंडस्कॅनची मोजणी आली, काउंटरवर बारकोडला जितक्यांदा लाल उजेड लागला तितक्या प्रती. लगेच दिसलं की कंट्री, मेटल, रॅप हे सगळे लोक समजत होते त्याहून खूप जास्त विकले जात होते. सप्टेंबरात कंट्रीवाल्या गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' थेट पहिल्या नंबरावर उतरला. 'नेव्हरमाइंड'च्या अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम 46 हजार प्रती दुकानांत गेल्या होत्या आणि 11 जानेवारी 1992 च्या यादीत त्यानं 'डेंजरस'ला वरून खाली ढकललं.

मित्र म्हणाला, "म्हणजे आवड नाही बदलली, मोजमाप बदललं." अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तो अल्बम ऐकावा लागतो.

नियम केला: 1991 मधले जास्तीत जास्त तीन. मेटॅलिका नक्की, कारण साउंडस्कॅनच्या मोजणीत अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला अल्बम तोच, आणि जड संगीताची गाणी आटोपशीर करायला त्यानं भाग पाडलं. 1988 च्या अल्बममध्ये त्यांचीच गाणी सात-सात, नऊ-नऊ मिनिटं चालायची आणि त्यात बेस गिटार शोधावी लागायची. 'नेव्हरमाइंड' नक्की. तिसऱ्या जागेवर भांडण.

'टेन' कापताना हात थरथरला, हे लिहून ठेवते.

3 मे

हॉलमध्ये चाचणी. पारा चढलेला, वाचनालयाचा कूलर सुरू. नवीन खस लावली आहे, वास छान, आवाज ट्रकसारखा.

आधी ओएसिसचा 1995 चा 'मॉर्निंग ग्लोरी' लावला. कूलर असून सगळं ऐकू आलं, अगदी मागच्या खुर्चीवर. मग रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर'. अर्धा अल्बम कूलर पिऊन गेला. मधे संगणकाच्या कोरड्या आवाजात वाचलेला एक तुकडा येतो, त्या जागी नुसता पाण्याचा पंप. शेवटच्या गाण्यातली घंटीची एक टिंग तर आलीच नाही.

सीडीच्या काळात, आपली तबकडी शेजारच्या तबकडीपेक्षा मोठ्यानं वाजली पाहिजे, अशी शर्यत लागली होती. हळू भाग वर ओढायचे, मोठे भाग छताला दाबायचे, म्हणजे सगळं सारखंच मोठं. ओएसिसचा तो अल्बम या शर्यतीचं नेहमीचं उदाहरण आहे. 1999 चा चिली पेपर्सचा 'कॅलिफोर्निकेशन' तर इतका दाबला आहे की जागोजाग आवाज फाटतो. हे वाचलं होतं बऱ्याचदा. कळलं मात्र कूलरमुळे. रिक्षात, गाडीत, पानठेल्यावर, म्हणजे गोंगाटात ऐकायचं असेल तर असाच आवाज हवा.

ओएसिस बाहेर, 'ओके कॉम्प्युटर' आत. अट: 53 मिनिटं कूलर बंद. तो शनिवार पाऊस लागल्यावरच ठेवायचा.

10 मे

वेळेचा हिशेब. मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' 42 मिनिटांचा होता, नऊ वर्षांनी आलेला 'डेंजरस' 77 मिनिटांचा. कारण जुन्या काळ्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट मावतात, सीडीवर 74 आणि थोडं वर. जागा मिळाली की माणूस सामान भरतो. दिवाणाचा बॉक्स असतो तसंच. नव्वदीतले कितीतरी अल्बम दोन गाणी कमी असते तर थोर झाले असते.

स्मॅशिंग पम्पकिन्सचा 'मेलन कॉली' दोन तासांचा. आठला कुलूप. बाहेर. याहून वरचं कारण माझ्याकडे नाही.

'डेंजरस' राहिला. दादाच्या आग्रहामुळे नाही, पण दादामुळे. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात गायला, तेव्हा दादा घरी "मुलाखत आहे" सांगून विदर्भ एक्सप्रेसनं गेला होता. परत आला तेव्हा आवाज बसलेला. बाबांनी विचारलं, "मुलाखतीत ओरडायला लावलं काय?"

14 मे

सरांशी वाद. त्यांचं म्हणणं असं, की 1990 ते 1999 मध्ये या शहरात जे खरंच वाजलं ते सिनेमाचं. 1990 चा 'आशिकी', 1992 चा 'रोजा'. "बर्डीवरून महालापर्यंत चालत जा, पन्नास ठेल्यांवर एकच कॅसेट. तुमचा तो निर्वाणा कोणत्या ठेल्यावर वाजला?"

कोणत्याच नाही, खरं आहे. तरी सिनेमा नको म्हटलं, आणि का ते घरी येऊन नीट सुचलं, नेहमीसारखं उशिरा. सिनेमाच्या गाण्यात चेहरा नटाचा. 1995 मध्ये अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला आणि गाणाऱ्या बाईचा स्वतःचा चेहरा टीव्हीवर दिसला. संगीत बिद्दूचं, म्हणजे ज्यानं 1974 मध्ये इंग्लंडात 'कुंग फू फायटिंग' हे गाणं केलं आणि मग गायिका नाझिया हसनला आणलं, तोच. पुढच्या वर्षी लकी अलीचा 'सुनो'. नटाच्या मागे न लपणारा, थोडा बसका, बेफिकीर आवाज घराघरात गेला. 1991 मध्ये स्टारवरून एमटीव्ही आलं, 1994 मध्ये चॅनल व्ही, 1996 मध्ये एमटीव्ही इंडिया, आणि या वाहिन्यांना दिवसभर दाखवायला काहीतरी हवं होतं. ती भूक नसती तर हे दोन्ही अल्बम कदाचित झालेच नसते.

दोन्ही आत. सोबत इंडियन ओशनचा 'डेझर्ट रेन', 1997, थेट कार्यक्रमातच ध्वनिमुद्रित केलेला. त्याच्यानंतर इथल्या रॉक बँडांना इंग्रजीतच गायलं पाहिजे असं वाटणं कमी झालं. मित्र इथे पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण सहमत.

सरांना फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाले, "पण एक दिवस 'रोजा' लावू." लावू.

18 मे

आज कबुलीजबाब. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एस ऑफ बेसची 'द साइन' सापडली. मीच लपवली होती. 1994 मध्ये आमच्या कट्ट्यावर ही ऐकणं म्हणजे अब्रू जाणं. ड्रमवाल्या मित्रासमोर काढली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्याकडे पण होती ना."

यातली गोष्ट मात्र मस्त आहे. स्वीडनमधल्या या पोरांनी निर्माता डेनिझ पॉपकडे आपली डेमो कॅसेट पाठवली. त्याला ती आवडली नाही, पण गाडीच्या प्लेअरमध्ये अडकली, निघेचना. रोज येता-जाता तेच ऐकून ऐकून त्याला त्यात काहीतरी दिसलं. पुढे स्टॉकहोमच्या त्याच्या चेरॉन स्टुडिओत गाणी रचणारा मॅक्स मार्टिन तयार झाला, आणि जानेवारी 1999 मध्ये ब्रिटनी स्पिअर्सचा पहिला अल्बम आला, त्याचं मुख्य गाणं या मार्टिनचं. डेनिझ पॉप त्याच्या काही महिने आधीच, 1998 मध्ये गेला. आजही पॉपमध्ये जी घट्ट बांधलेली, एकही सेकंद वाया न घालवणारी चाल ऐकू येते, तिचं गाव हेच.

अडकलेल्या कॅसेटनं एवढं केलं. आमच्याकडे अडकली की आई पेचकस आणायला सांगायची.

म्हणून 'द साइन' आत आणि ब्रिटनीही आत. दादाचा मेसेज: "तुला ऊन लागलं आहे." मी उत्तर दिलं, ताक पिते.

24 मे

आजची नोंद मोठी होणार.

दादा प्रत्येक कॅसेटच्या आतल्या कागदावर पेन्सिलीनं घेतल्याची तारीख लिहायचा. आज सगळ्या ओळीनं मांडल्या. 'नेव्हरमाइंड': "बर्डी, डिसें. 93". म्हणजे निघाल्यावर सव्वादोन वर्षांनी. चार महिन्यांनी, 5 एप्रिल 1994 ला त्यांचा गायक कर्ट कोबेन गेला. आमच्यासाठी निर्वाणा आला आणि संपला यात एक हिवाळा आहे. मेटॅलिका: "मार्च 92, मुंबईहून मामानं". ग्रीन डेचा 'डुकी': "ऑग. 95". अलानिस मोरिसेटचा 'जॅगेड लिटल पिल': "माझा वाढदिवस, 96". हा मी त्याला दिला होता आणि मग मीच वापरला. त्यातल्या बऱ्याच गाण्यांचा आवाज डेमोसाठी एक-दोन दमांत गायलेला, तसाच ठेवला आहे. श्वास चुकतो तो चुकू दिला आहे. मला 20 व्या वर्षी वाटायचं ही बाई माझ्यावरच ओरडते आहे.

म्हणजे पुस्तकातलं दशक वेगळं आणि या पेटीतलं वेगळं. इथे 1991 हे वर्ष तीन-चार वर्षं पसरून आलं, कोणी मुंबईहून आणलं, कोणी केबलवर पाहिलं, कोणी दुसऱ्याच्या कॅसेटवरून भरून घेतलं. आम्ही पर्ल जॅम आणि ग्रीन डे एकाच महिन्यात पहिल्यांदा ऐकले, म्हणून कोण आधी, कोण कोणाला उत्तर देतो आहे, हे कधी कळलंच नाही. यात काही बिघडलं असंही वाटत नाही. ढीग एकदम समोर आला की माणूस क्रमानं नाही, भुकेनं खातो.

ठरवलं: भिंतीवरच्या प्रत्येक पोस्टरवर दोन तारखा. वर अल्बम निघाल्याची, खाली दादाच्या पेन्सिलीची.

भाचीनं लगेच पेच टाकला. "आणि जो इथे आलाच नाही त्याचं काय?" पोर्टिसहेडचा 'डमी', 1994, ब्रिस्टलकडचा. दुसऱ्या वर्षी त्याला ब्रिटनमधलं मर्क्युरी संगीत पारितोषिक मिळालं. जुन्या तबकडीची खरखर मुद्दाम ठेवून त्यावर गाणारी ती थकलेली बाई. पेटीत नाही, मित्राकडे नाही, मी स्वतः पहिल्यांदा ऐकला तो 2003 मध्ये, ऑफिसातल्या एका पोरानं भरून दिलेल्या सीडीवर. मित्राचं मत: आलाच नाही तर आपलं दशक कसं ठरवणार? भाचीचं: मग यादीचं नाव "दादाकाकांची पेटी" ठेवा.

"तो तुझा बाबा आहे."

"म्हणूनच म्हणते."

'डमी' आत. खालची तारीख कोरी.

7 जून

यादी बंद. 'मेटॅलिका', 'नेव्हरमाइंड', 'डेंजरस', 'द साइन', 'डुकी', 'डमी', 'जॅगेड लिटल पिल', 'मेड इन इंडिया', 'सुनो', 'ओके कॉम्प्युटर', 'डेझर्ट रेन', आणि ब्रिटनी. लॉरिन हिलचा 1998 चा अल्बम सुटला, हे मला आत्ताच टोचतं आहे. रॅप आणि सोल म्हणून बाजूला ठेवला, पण हे कारण लंगडं आहे. मॅडोनाचा 'रे ऑफ लाइट'ही सुटला. त्यात ती संस्कृत श्लोक म्हणते, सर खूश झाले असते.

14 जून, शनिवार

पहिला शनिवार, 'नेव्हरमाइंड'. 23 माणसं, त्यातले नऊ पंचवीसच्या आतले. बाहेर ढग, उकाडा मरणाचा. कॅसेट लावायची असा माझा हट्ट होता, पण दुसऱ्या बाजूला टेप गुंडाळली जायला लागली म्हणून ऐन वेळी भाचीनं आणलेली सीडी लावली.

शेवटचं गाणं हळू हळू विझलं. टाळ्या झाल्या. लोक उठले, आलूबोंडे आणि चहा बाहेरच्या व्हरांड्यात. मी प्लेअर बंद करायला गेले तर मित्रानं हात धरला. "राहू दे." का, ते सांगितलं नाही.

दहा मिनिटं नुसती शांतता. सर खुर्च्या एकावर एक रचत होते, मी चटई गुंडाळत होते. आणि स्पीकरमधून अचानक गिटार फोडल्यासारखा, किंचाळण्याचा धिंगाणा सुटला. सरांच्या हातून दोन खुर्च्या पडल्या. व्हरांड्यातली सगळी मंडळी कप घेऊन धावत आत आली. एक काका मेन स्विचकडे.

यादीत न लिहिलेलं गाणं. सीडीच्या शेवटी लपवून ठेवलेलं, अगदी पहिल्या प्रतींत चुकून राहून गेलेलं, आणि दादाच्या कॅसेटवर तर नाहीच. तीस वर्षं मी हा अल्बम जिथे संपतो असं समजत होते तिथे तो संपत नव्हता.

मित्र खिडकीपाशी उभा राहून बोटांनी चौकट वाजवत होता. सरांनी खुर्च्या परत मांडल्या आणि बसले.

"हे किती वेळ चालते?"

"पावणेसात मिनिटं," तो म्हणाला.

सरांनी घड्याळ पाहिलं. साडेसात झाले होते.